सिरॅमिकचे नॅनो-प्रबलन

सिरॅमिकचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी त्यात साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण, नळ्या किंवा पापुद्रे मिसळून ते भाजण्याची पद्धत.

सिरॅमिक कठीण असते, उष्णता आणि रसायने सोसते. पण एकदा तडा सुटला की तो थांबत नाही. धातूत भेगेच्या टोकाशी ताण एकवटला की तिथला धातू ताणला जातो आणि भेग बोथट होते. सिरॅमिकमधले आयनी व सहसंयुजी बंध तशी मुभा देत नाहीत. शुद्ध ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड, एक नेहमीचे सिरॅमिक) याचा भंगचिवटपणा (तडा पुढे सरकण्याला होणारा विरोध) ३ ते ४ मेगापास्कल√मीटर असतो. बहुतेक पोलादांचा याच्या दहापटीहून अधिक. म्हणून सगळी खटपट तड्याची वाट अवघड करण्याची.

१९९१ मध्ये जपानचे कोइची निइहारा यांनी ॲल्युमिनात ५ टक्के (आकारमानाने) सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोकण घालून ताकद (मोडण्याआधी पेलता येणारा ताण) सुमारे ३५० वरून १,००० मेगापास्कलपलीकडे नेल्याचे मांडले. चिवटपणा मात्र त्या मानाने थोडाच वाढला होता. ताकद आणि चिवटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे विसरून चालत नाही.

कार्बन नॅनोट्यूब (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्या) तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात आणि उपसून निघताना ऊर्जा खातात, अशी कल्पना आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गटाने असे ॲल्युमिना तिपटीने चिवट झाल्याचे जाहीर केले. ते मोजमाप हिऱ्याचे टोक रुतवून, खुणेच्या कोपऱ्यांतून फुटलेल्या तड्यांच्या लांबीवरून केले होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने खाच पाडलेली पट्टी वाकवून मोडली, तेव्हा चिवटपणा जवळपास शुद्ध ॲल्युमिनाएवढाच भरला. नॅनोट्यूबवाले सिरॅमिक टोकाखाली दबून ताण पसरवते, त्यामुळे तडे आखूड दिसतात. या क्षेत्रातला कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या चाचणीचा आहे हे आधी पाहावे.

नॅनोट्यूब व ग्राफीन (कार्बनचे एका अणूइतके पातळ पापुद्रे) गुठळ्या करतात, आणि गुठळी म्हणजे नवा दोषच. म्हणून त्यांचे विखुरण अल्ट्रासाउंडने करतात. भाजणी स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगने, दाब व विद्युतप्रवाह देऊन काही मिनिटांत उरकतात; जास्त वेळ तापवल्यास कार्बन खराब होतो आणि ॲल्युमिनाचे कणही फुगतात. नळी आणि सिरॅमिक यांची पकड अति घट्ट झाली तर नळी उपसली न जाता तुटते, सैल राहिली तर भारच पेलत नाही.

सर्वांत भरवशाचा मार्ग झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) ठरला आहे. तड्याजवळच्या ताणाने त्याच्या कणांची स्फटिकरचना बदलते, आकारमान सुमारे ४ टक्के वाढते आणि तडा दाबला जातो. बारीक झिर्कोनिया मिसळलेले ॲल्युमिना आज कृत्रिम खुब्याच्या सांध्यातील गोळ्यासाठी वापरतात.