वारणेचे संगणक आणि उसाची पावती

१९९८ साली वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी कृतिदल नेमलं. खेड्यात संगणक नेला तर काय होतं, हे पाहायला जागा निवडली गेली ती कोल्हापूर जिल्ह्यातली वारणानगर. आसपासची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सुमारे ७० गावं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात आली. पैसा मुख्यतः केंद्र-राज्याचा, थोडा सहकारी संस्थांचा. तांत्रिक बाजू एनआयसीने, म्हणजे सरकारच्याच संगणक संस्थेने सांभाळली.

वारणाच का? तिथे सहकारी चळवळीतले नेते तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात साखर कारखाना उभा केला होता. त्यामागून दूध संघ, वारणा बाजार, अभियांत्रिकी महाविद्यालय. गावोगावचा सभासद कारखान्याच्या दप्तरात आधीच नोंदलेला होता. संगणकाला हे दप्तर आयतं मिळालं, आणि माझ्या मते प्रकल्पाची खरी ताकद तीच होती.

ऊस लावला की कारखान्याकडे नोंद करायची. तोडणीचा नंबर लागतो तो लागणीच्या तारखेवरून. नंबर लांबला आणि उसाला तुरा आला की वजन घटतं. तोडलेला ऊस फडात वाळत पडला तरी तेच. मग काट्यावरची वजनपावती, आणि पुढे बिल. खतंही उधारीवर, बिलातून वळती होणारी. म्हणजे चार कागदांवर शेतकऱ्याचं वर्ष उभं. यासाठी कारखान्याच्या ऑफिसात खेटे घालावे लागत. प्रकल्प आल्यावर नोंद, तोडणीचा परवाना आणि पावत्या गावातल्या संगणक केंद्रातच होऊ लागल्या.

प्रकल्पाच्या कागदांत स्वप्नं बरीच मोठी होती: बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, मुलांचं शिक्षण. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी गावांत जाऊन पाहिलं, तर संगणक चालत होते ते जवळजवळ फक्त उसाच्या कामासाठी. यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बाजारभाव त्याला काय कामाचा? ऊस तर कारखान्यालाच घालायचा होता. त्याला पाहिजे होतं आपलं टनेज आणि बिलाची रक्कम.

त्यात लोडशेडिंग, जुनी होत चाललेली यंत्रं आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च. मग त्याच संशोधकांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून मोबाइल आणला. कारखान्यात एका संगणकाला एक फोन जोडला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, उत्तरात त्याच्या उसाचं वजन किंवा खताची बाकी यायची. सुमारे आठ महिने हे चाललं. संगणकाला गावात खोली, वीज आणि चालवणारा माणूस लागे. मोबाइल तोवर बऱ्याच जणांच्या सदऱ्याच्या खिशात येऊन बसला होता, वजनपावतीच्या शेजारी.