ऑपेरा आणि म्युझिकल: परदेशात दिग्दर्शन करताना प्रसंगातली वेळ कुणाच्या ताब्यात असते?

परदेशी जाऊन नाट्यदिग्दर्शन शिकायचं ठरवलेली माझी एक विद्यार्थिनी परवा घरी आली होती. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर तिनं दोन नाटकं बसवली आहेत, सुरातालाची जाणही आहे. अर्जात ऑपेरा आणि म्युझिकल यांतलं एक निवडायचं होतं. तिनं विचारलं, “सर, दोन्ही म्हणजे तिकडचं संगीत नाटकच नं? एक जुनं, एक नवं.” तिच्या वयात मलाही असंच वाटत होतं आणि त्या समजुतीपायी मी तिकडे पहिल्याच आठवड्यात अडखळलो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सगळं गाऊन केलं की ऑपेरा, मध्ये संवाद आले की म्युझिकल’ ही नेहमी सांगितली जाणारी खूण टिकत नाही. बिझेचा ‘कार्मेन’ हा ऑपेरा १८७५ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आला तेव्हा त्यात बोलायचे संवाद होते. उलट ‘ले मिझराब्ल’ हे म्युझिकल जवळजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं जातं. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’च्या तर नावातच ऑपेरा आहे, पण लंडनमध्ये १९८६ साली आलेलं ते म्युझिकल आहे.

दिग्दर्शकाला जाणवणारा खरा फरक वेळेचा आहे. आपल्या संगीत नाटकात प्रसंगातली वेळ गायकाच्या ताब्यात असते. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं तेव्हापासून पद किती रंगवायचं ते त्या रात्रीचा गळा आणि समोरचे रसिक ठरवत आले. वन्समोअर आला की कथानक थांबतं आणि कुणाची तक्रार नसते. आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आणलं. त्यात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहत, तेव्हा बाकीच्या रंगमंचानं त्या गाण्याला जागा करून द्यायची असे. या वळणात वाढलेल्या दिग्दर्शकाला ऑपेरा पहिल्यांदा फार कडक वाटतो.

कारण ऑपेरात वेळ संगीतकारानं आधीच कागदावर लिहून ठेवलेली असते आणि ती राखायला कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंद चालवणारा, उभा असतो. एका जर्मन शहरात मी सहायक होतो. नायिका पत्र उघडते आणि गाऊ लागते, असा प्रसंग होता. मी म्हणालो, वाचून झाल्यावर दोन क्षण थांबा, मग गा. इथे असे थांबे मी कितीतरी नाटकांत घेतले होते. तालमीला पियानो वाजवणाऱ्या बाईंनी, ज्यांना तिकडे कोरेपेटिटर म्हणतात, शांतपणे स्वरलिपीचं पान माझ्याकडे वळवलं. पत्र उघडणं आणि पहिला स्वर यांच्यात दीड मात्रा होती. तेवढीच. शेवटी मी ते पत्र आधीच्या वाद्यसंगीतातच उघडायला लावलं, म्हणजे त्या दीड मात्रेत तिला फक्त मान वर करायची उरली. माझ्या मूळ कल्पनेपेक्षा ते कितीतरी चांगलं झालं. ऑपेराचं दिग्दर्शन मला त्या दिवशी कळायला लागलं.

म्युझिकलमध्ये ही वेळ बरीच मऊ असते. त्याच्या स्वरलिपीत ‘व्हॅम्प’ नावाची सोय असते: नटाचं वाक्य संपेपर्यंत वादकांनी तेच एकदोन तुकडे पुन्हापुन्हा वाजवत राहायचं. झाडीपट्टीचं नाटक पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नवं म्युझिकल असेल तर पूर्वप्रयोगांच्या काळात गाणी गळतात, नवी येतात, क्रम बदलतो. दिग्दर्शक, नृत्यदिग्दर्शक, लेखक आणि संगीतकार रोज रात्री प्रेक्षकांचा अंदाज घेऊन सकाळी दुरुस्त्या करतात. गाजलेलं म्युझिकल दुसऱ्या देशात नेताना मात्र पुष्कळदा मूळ बसवणूक जशीच्या तशी उभी करायचा करार असतो. तेव्हा बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाचं काम मूळ नकाशा राखण्याचं उरतं, आणि हे सही करण्याआधी विचारून घ्यावं.

एक शब्द आपल्याला हमखास फसवतो. आपल्याकडे संगीत दिग्दर्शक म्हणजे चाली लावणारा. म्युझिकलमधला म्युझिक डायरेक्टर गायकांची तयारी करून घेतो आणि बहुधा वाद्यवृंदही चालवतो. चाली दुसऱ्याच्या असतात. ऑपेरागृहात त्याच नावाचा माणूस म्हणजे त्या संस्थेचा प्रमुख कंडक्टर. पुचिनीचा ‘तुरांदोत’ १९९८ साली बीजिंगच्या निषिद्ध नगरीत झाला, तेव्हा कंडक्टर होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता आणि दिग्दर्शक होते चिनी चित्रपटकार झांग यिमोउ. मंचावर कोण कुठे उभं राहील हे झांग यांचं, कोणता स्वर किती टिकेल हे मेहतांचं. दोघांचं पटणं हाच ऑपेराचा अर्धा प्रयोग.

आवाजाचं थोडक्यात. ऑपेरात साधारणपणे माइक नसतो. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो, आणि तयार गळा, विशेषतः पुरुषाचा, ३००० हर्ट्झच्या आसपास जोर धरून त्यावरून पार जातो. म्हणून गायकाला पाठमोरं गायला लावताना दहा वेळा विचार करावा. तालमीत तो अर्ध्या आवाजात गातो, तेही राग मानून घेण्यासारखं नाही. गळा जपण्याची ती रीत आहे. म्युझिकलच्या नटाला माइक असतो, तो कुजबुजू शकतो, पळत गाऊ शकतो, पण आठवड्याला आठ प्रयोग झेपतील अशीच बसवणूक द्यावी लागते.

आता भाषा, जिची माझ्या विद्यार्थिनीला सगळ्यात जास्त धास्ती होती. इथे माझं मत बहुतेकांच्या उलट आहे: परक्या देशात नवख्या दिग्दर्शकाला ऑपेरा सोपा जातो. जर्मनीत इटालियन ऑपेरा इटालियनमध्येच होतो, गायक चार देशांचे असतात आणि प्रेक्षक वर झळकणारा अनुवाद वाचतात. ही सोय पहिल्यांदा १९८३ साली टोरांटोत ‘एलेक्त्रा’च्या प्रयोगाला केली गेली. भाषा तिथे जवळपास सगळ्यांनाच परकी. म्युझिकल मात्र त्या गावाच्या भाषेत बोलतं. हॅम्बुर्गमध्ये २००१ पासून ‘लायन किंग’ जर्मनमध्येच चालू आहे. विनोद कुठे पडला, कुठला शब्द अर्धा श्वास लवकर आला, हे कानाला कळायला ती भाषा रस्त्यावर, ट्रामच्या थांब्यावर, किराणा घेताना ऐकलेली असावी लागते. वऱ्हाडी संवाद पुण्याच्या दिग्दर्शकानं बसवला की आपल्याला पहिल्या वाक्यालाच कळतं. तसंच तिथल्या लोकांना कळतं.

तिचं जर्मन अजून सहा महिन्यांचं आहे, म्हणून मी ऑपेरावर खूण करायला सांगितलं. अट एकच घातली, जाण्याआधी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता आली पाहिजे. तिनं माझ्याकडचं ते जुनं पान मागून घेतलं, मांडीवर बोटानं ताल धरला आणि वीजबिलाचं पाकीट पत्र समजून उघडून पाहिलं. पहिल्या खेपेला तिला चार मात्रा लागल्या.