जिनिंग, दालमिलच्या जळक्या ऑइलसाठी प्राधिकारपत्र: अर्ज कोणी आणि कसा करायचा

कापसाचा हंगाम सरला की जिनिंगमध्ये गाठी बांधणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं ऑइल बदलतात. जुनं ऑइल मग थोडं बंडीच्या आसाला, थोडं लाकडी खांबांना उधई लागू नये म्हणून, आणि उरलेले ड्रम भंगारवाल्याकडे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार मात्र हे जळकं ऑइल घातक कचरा आहे (अनुसूची १, नोंद ५.१). ते विकायचं तर सोडाच, आवारात साठवायलाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं.

ज्या उद्योगाला मंडळाचं संमतीपत्रच (उद्योग चालवायची परवानगी) लागत नाही, त्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून प्राधिकारपत्रातून सूट आहे. पण ऑइल अधिकृत ठिकाणीच द्यायचं, हे त्यालाही चुकत नाही. 

महाराष्ट्रात संमतीपत्र आणि प्राधिकारपत्र एकत्रच मिळतं. मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरायचा. सोबत जागेचे कागद, आवाराचा नकाशा, उत्पादन प्रक्रियेची माहिती आणि आधीची संमतीपत्रं जोडायची. नूतनीकरण असेल तर अटी पाळल्याचा स्वयंप्रमाणित अहवाल. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएचा दाखला आधी काढून ठेवा. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत.

नमुना १, म्हणजे प्राधिकारपत्राच्या अर्जाचा फॉर्म, त्यातला वर्षाकाठी किती कचरा निघतो, हा रकाना नीट विचार करून भरा. बरेच जण तिथे 'नाममात्र' लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांची ऑइल खरेदीची बिलं काढा, प्रेस, गिअरबॉक्स, जनरेटर यांचा वेगवेगळा हिशेब करा आणि आकडा लिहा. पत्रात जेवढं लिहिलंय त्याहून जास्त ऑइल निघालं, तर तपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

पूर्ण अर्जावर १२० दिवसांत निर्णय व्हावा, असं नियम सांगतो. पत्राची मुदत पाच वर्षांपर्यंत.

माझ्या मते खरी परीक्षा पत्र मिळाल्यावर सुरू होते. ड्रम छपराखाली, पक्क्या फरशीवर ठेवायचे. त्यांवर पिवळं लेबल, लाल अक्षरांत 'घातक कचरा' अशी सूचना. साठवण जास्तीत जास्त ९० दिवस. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान उद्योगाला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. रोजची नोंद नमुना ३ मध्ये.

ऑइल नेणाऱ्याकडे पुनर्प्रक्रियेची परवानगी आहे का, तिची मुदत संपलेली नाही ना, हे पाहूनच ड्रम उचलू द्या. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामायिक केंद्र बुटीबोरीला आहे. ऑइलने माखलेल्या चिंध्या, गाळ तिकडे जातो. प्रत्येक खेपेला नमुना १० चं सात प्रतींचं मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारी पावती) लागतं. वाहतूकदाराच्या सहीची पिवळी प्रत तुमच्याकडे राहते, आणि माल पोचल्यावर घेणारा निळी प्रत तुम्हाला परत पाठवतो. निळी आली नाही तर लगेच फोन करा, कारण माल पोचल्याचा तुमच्या हातातला पुरावा तोच. वर्षभराचा हिशेब नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचा.