पावसासाठी राखलेले रान: टोबॅगोच्या डोंगरवाटांची पार्श्वभूमी

कॅरिबियनमधल्या टोबॅगोला येणारे बहुतेक पर्यटक बेटाच्या नैऋत्य टोकालाच मुक्काम करतात. विमानतळ, हॉटेले, पांढऱ्या वाळूचे किनारे सगळे तिथेच आहे. रानात चालायला जाणारे मात्र उलट दिशेला निघतात. अटलांटिकच्या कडेने रॉक्सबरो गावापर्यंत, आणि तिथून डोंगर ओलांडून पलीकडच्या ब्लडी बे गावाकडे उतरणाऱ्या रस्त्याने. या रस्त्याच्या चढावर गिल्पिन ट्रेस नावाची पाऊलवाट सुरू होते. वाटेच्या तोंडाशीच वाटाडे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भाड्याने देतात, कारण आत चिखल ठरलेला. मग बांबूची बेटे, माणसाहून उंच नेचे, ओढे, छोटे धबधबे आणि डोक्यावर दाट छत. चालायला दोन-अडीच तास पुरतात, पण पक्षी बघत जाणाऱ्याला अख्खी सकाळही कमी पडते.

या रानाला एक तारीख आहे: 13 एप्रिल 1776. त्या दिवशी टोबॅगोच्या मधल्या डोंगरधारेवरचे जंगल कायद्याने राखीव झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा अजून तीन महिने अवकाश होता, आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जवळपास शंभर वर्षे. राजांनी शिकारीसाठी राखलेली जंगले युरोपात त्याआधीही होती. पण शिकार किंवा जहाजांचे लाकूड असा कोणताही हेतू नसताना, जंगलामुळे निसर्गात जे घडते त्यासाठी ते राखायचे, असे कायद्यात लिहिल्याचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडते. पश्चिम गोलार्धात तरी हेच सर्वांत जुने मानले जाते.

बेट लहान आहे. लांबी सुमारे 40 किलोमीटर, रुंदी फार तर 10. त्याच्या कण्यासारखी ईशान्येकडे गेलेली सुमारे 29 किलोमीटरची डोंगरधार म्हणजे मेन रिज. माथा साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने ठेंगणाच. तरी अटलांटिकवरून येणारे दमट व्यापारी वारे या धारेला अडतात, वर चढतात आणि पाऊस देतात. आज राखीव असलेले क्षेत्र 3,958 हेक्टर, म्हणजे बेटाच्या जमिनीचा साधारण आठवा भाग.

हा आठवा भाग वाचला कसा, हे समजून घ्यायचे तर 1763 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या पॅरिस तहाने फ्रान्सने टोबॅगो ब्रिटनला दिले. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका ही बेटेही त्याच तहाने ब्रिटनकडे आली. ऊस लावायला नवी जमीन हवीच होती. विल्यम यंग यांच्या नेतृत्वाखाली जमीनविक्रीसाठी आयुक्त नेमले गेले, मोजणी झाली, बेटाचे परगणे पाडले गेले आणि तुकडे विक्रीला निघाले. या जमिनीवर मूळ रहिवासी राहत होतेच. विक्रीच्या हिशेबात त्यांना जागा नव्हती, आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत ते बेटावरून जवळजवळ नाहीसे झाले. जंगल कसे वाचले ही गोष्ट सांगताना ही गोष्टही सांगायलाच हवी. ज्या मोजणीने माथ्यावरचे रान राखले, त्याच मोजणीने त्याखालची जमीन विकाऊ केली.

मग माथा तेवढा का सोडला? याचे उत्तर अर्धे बार्बाडोसमध्ये आहे आणि अर्धे इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या बागेत. बार्बाडोसवर 1640 च्या दशकात ऊस आला आणि काही दशकांतच बेट उघडे पडले. माती वाहून गेली, सरपण बाहेरून आणायची वेळ आली, पाण्याची ओरड सुरू झाली. हा अनुभव नव्या बेटांची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुसरीकडे स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने झाडे मुळांतून किती पाणी ओढतात आणि पानांतून किती हवेत सोडतात हे तराजू लावून मोजले होते. 1727 मध्ये त्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. झाड हवेला पाणी देते, ही कल्पना तिथून विद्वानांच्या चर्चेत शिरली. त्यापुढचे पाऊल सोपे होते: झाडे तोडली तर पाऊस कमी होईल.

ही कल्पना टोबॅगोच्या कायद्यापर्यंत नेण्याचे श्रेय सोम जेनिन्स यांना दिले जाते. ते केंब्रिजचे खासदार आणि वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या व्यापार मंडळाचे सदस्य होते. 1760 च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी हा विषय लावून धरला, तो तडीला जायला सुमारे दहा वर्षे लागली. अध्यादेशात जंगल राखण्याचे कारण स्पष्ट दिले आहे: वारंवार पावसाच्या सरी आकर्षून घेणे, कारण अशा हवामानात जमिनीची सुपीकता सर्वस्वी त्यांवरच अवलंबून असते. जंगलात राहणाऱ्या पक्ष्यांचा, प्राण्यांचा त्यात विचार नाही. माथ्यावर रान राहिले तर खालच्या मळ्यांवर पाऊस पडेल, हा हिशेब आहे. रान साखरेसाठी राखले गेले.

आणि साखर गुलामांच्या श्रमावर उभी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोबॅगोवरच्या दर दहा माणसांपैकी नऊहून अधिक गुलाम होती, आफ्रिकेतून आणलेली किंवा तिथून आणलेल्यांची मुले. जंगल कायद्याने राखीव होण्याच्या आधीच्या काही वर्षांत, 1770 ते 1774 दरम्यान, बेटावर एकामागून एक उठाव झाले. त्यातल्या पहिल्या उठावाचे नेतृत्व सँडी नावाच्या गुलामाने केले. उठाव फसला की डोंगरातले रान हाच आसरा असे. मळेवाल्यांना जो माथा पावसाचा साठा वाटत होता, तो मळ्यातून निसटलेल्या माणसाला लपण्याची जागा होता. आजच्या वाटांवरच्या माहितीत पावसाची गोष्ट आवर्जून सांगितली जाते. ही दुसरी गोष्टही तितक्याच ठळकपणे सांगितली जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

टोबॅगोच्या या कल्पनेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. जंगल आणि पाऊस यांच्या नात्याचा सिद्धान्त बेटाबेटांवरून पसरत गेला. मॉरिशसमध्ये फ्रेंचांनी 1769 मध्ये जंगलाचे नियम केले, सेंट व्हिन्सेंटवर 1791 मध्ये किंग्ज हिल टेकडीचे जंगल कायद्याने राखले गेले, त्यातही पावसाचेच कारण होते. एकोणिसाव्या शतकात हाच विचार ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरांनी हिंदुस्थानात मांडला. त्यांपैकी अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. दक्षिण कोकणात जंगलतोडीनंतर झरे आटल्याच्या तक्रारी त्यांनी सरकारपुढे मांडल्या, आणि 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. पर्यावरणाचे इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी ही साखळी कागदपत्रांतून जोडून दाखवली. सह्याद्रीतल्या राखीव जंगलांची सरकारी सुरुवात शोधत गेले की त्यामागच्या विचाराची एक वाट कॅरिबियनमध्ये निघते. तिथल्यासारखाच इथेही या राखणीला दुसरा पदर होता: जंगलावर जगणाऱ्या लोकांचे हक्क तिने आक्रसले.

सिद्धान्त खरा होता का? टोबॅगोसारख्या छोट्या बेटावर पाऊस मुख्यतः वाऱ्यामुळे आणि डोंगरामुळे पडतो. झाडे गेली तरी ढग अडायचे थांबले नसते. पण पडलेले पाणी धरून ठेवणे, माती थोपवणे, जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत ओढे वाहते ठेवणे हे काम जंगलच करते. कारणमीमांसा अर्धीच बरोबर असूनही निर्णय योग्य ठरला. बेटाला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या हिल्सबरो धरणाचा भरवसा आजही या डोंगरातल्या रानावर आहे.

1776 नंतरच्या शंभरेक वर्षांत टोबॅगोचे बाकी सगळे बदलले. 1781 मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले, 1793 मध्ये ब्रिटिशांनी परत घेतले, मग पुन्हा अदलाबदल होऊन 1814 मध्ये ते कायमचे ब्रिटनकडे राहिले. 1838 मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपली. 1847 च्या वादळाने मळ्यांना मोठा फटका दिला. 1876 मध्ये रॉक्सबरोला मजुरांचा उद्रेक झाला, त्यात बेलमाना नावाचा पोलीस मारला गेला, आणि घाबरलेल्या मळेवाल्यांनी बेटाची स्वतंत्र विधानसभाच सोडून दिली. 1880 च्या दशकात मळ्यांना कर्ज देणारी लंडनची पेढी बुडाली आणि साखरेचा कणा मोडला. 1889 मध्ये टोबॅगो त्रिनिदादला जोडले गेले. ज्या उसासाठी रान राखले तो ऊस गेला. रान मात्र राहिले.

मळे मोडल्यावर जमिनीचे तुकडे मुक्त झालेल्यांच्या वंशजांच्या हाती येऊ लागले. ऊस मागे पडून कोको, नारळ, भाजीपाला आला. गाडीरस्ता नव्हता. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायचे तर डोंगर ओलांडणाऱ्या पाऊलवाटांनीच, डोक्यावर ओझे घेऊन. गिल्पिन ट्रेस अशाच वापरातली जुनी वाट आहे, रॉक्सबरोची बाजू आणि ब्लडी बे यांना जोडणारी. आज हौसेने चालले जाते त्या मार्गावर लोक आधी पोटासाठी चालले आहेत.

निसर्ग पाहायला म्हणून टोबॅगोला जाण्याची सुरुवात मात्र मेन रिजवर झाली नाही. ती ईशान्य टोकाला, स्पेसाइड गावासमोरच्या लिटल टोबॅगो या छोट्या बेटावर झाली, आणि तिची हकीकत विलक्षण आहे. स्त्रियांच्या टोप्यांवरच्या पिसांसाठी न्यू गिनीकडच्या स्वर्गीय पक्ष्यांची (बर्ड ऑफ पॅरडाइज) तेव्हा प्रचंड शिकार होत होती. ते नामशेष होतील या काळजीने विल्यम इन्ग्रॅम या इंग्रज वृत्तपत्रमालकाने लिटल टोबॅगो विकत घेतले आणि 1909 मध्ये चाळीसहून अधिक पक्षी आणून तिथे सोडले. त्यांच्या मृत्यूनंतर वारसांनी बेट सरकारला दिले, पक्ष्यांसाठी राखायच्या अटीवर. परक्या मुलखातले ते पक्षी तिथे अनेक दशके टिकले. आज ते नाहीत, पण त्यांच्यासाठी राखलेल्या बेटावर समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत आहे. स्पेसाइडहून होडीने जायचे आणि जंगलातल्या चढणीने कड्यावर पोचायचे. लांब शेपटीचे, लाल चोचीचे पांढरे ट्रॉपिकबर्ड तिथे पायाखालून उडताना दिसतात.

स्वर्गीय पक्ष्यांवर निर्णायक घाव घातला तो 30 सप्टेंबर 1963 च्या फ्लोरा चक्रीवादळाने. टोबॅगोच्या गेल्या शतकाचे दोन भाग करायचे तर रेघ याच दिवशी मारावी लागेल. बेटावरच्या सुमारे 7,500 घरांपैकी 6,250 पडली. कोको आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. मेन रिजवरची मोठी झाडे मोडून, उन्मळून पडली. जवळपास 190 वर्षे कुऱ्हाडीपासून राखलेले रान एका दिवसात उघडे झाले. वाटा पडझडीखाली बुजल्या. म्हणून आज तिथे चालताना बऱ्याच ठिकाणी जे रान दिसते ते फ्लोरानंतर उभे राहिलेले आहे.

ते पुन्हा उभे राहू शकले कारण जमीन राखीव होती. तिथे शेती घुसली नाही, घरे आली नाहीत. मातीतले बी, उरलेले बुंधे आणि दऱ्यांत वाचलेली झाडे यांना वेळ मिळाला. याची सर्वांत आनंदाची खूण म्हणजे पांढऱ्या शेपटीचा सेब्रविंग हा मोठा हमिंगबर्ड. टोबॅगोखेरीज तो फक्त व्हेनेझुएलाच्या ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतो. फ्लोरानंतर तो टोबॅगोतून संपला असेच मानले गेले होते. 1974 मध्ये तो पुन्हा दिसला, आणि त्यानंतर त्याची संख्या वाढत गेली. आता गिल्पिन ट्रेसवर येणारे पक्षीनिरीक्षक मुख्यतः त्याच्यासाठीच येतात. सोबत निळ्या पाठीचा मॅनाकिन, मोटमोट, जॅकामार दिसतात, आणि टोबॅगोचा राष्ट्रीय पक्षी कोक्रिको तर सकाळी कान किटेपर्यंत ओरडतो.

फ्लोराने शेतीचेही कंबरडे मोडले, आणि बेट पर्यटनाकडे वळले. 1980 मध्ये टोबॅगोला पुन्हा स्वतःची सभा मिळाली, टोबॅगो हाउस ऑफ असेंब्ली. राखीव जंगलाची देखरेख आता तिच्या वनखात्याकडे आहे. गिल्पिन ट्रेसखेरीज निपलिग, ब्लू कॉपर, अटलांटिक अशा वाटा आहेत. त्या तुलनेने निर्मनुष्य आहेत आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये अशा. वाटाडे आसपासच्या गावांचेच. एखादे झाड कुठल्या दुखण्यावर चालते, कुठल्या वळणावर मॅनाकिन नाचतो, हे त्यांना आजी-आजोबांकडून कळलेले असते.

2011 मध्ये मेन रिजचे नाव जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेले. 2020 मध्ये युनेस्कोने ईशान्य टोबॅगोला जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. त्यात डोंगर, किनाऱ्यावरची गावे, लिटल टोबॅगोसारखी बेटे आणि समुद्रातली प्रवाळे एकत्र धरली आहेत. 1776 च्या अध्यादेशात रानाची हद्द मळ्यांच्या वरच्या काठाला संपत होती. आता ती पाण्याखाली प्रवाळांपर्यंत मोजली जाते, कारण उतारावरची झाडे गेली तर पावसाबरोबर वाहणारी माती ओढ्यांतून खाडीत उतरते आणि प्रवाळांवर बसते. स्पेसाइडच्या होडीवाल्यांची आणि कोळ्यांची रोजीरोटी त्या प्रवाळांवर आहे, म्हणजे पर्यायाने माथ्यावरच्या रानावर.