स्पेक्ट्रमचा स्नॅपशॉट आणि स्पेक्ट्रमची टेप: दोन्हींतून गेम सुरू होतो, पण दोन्ही एक नव्हेत

"दुसऱ्या लेव्हलला गेम अडकतो, फाइल खराब आहे का?" "१२८ वर याला संगीत आहे म्हणतात, मग माझ्याकडे का वाजत नाही?" "मी नवा गेम लिहिलाय, इम्युलेटरवर मस्त चालतो, खऱ्या मशीनवर लोड झाला की रीसेट होतो." झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या नादी लागलेल्यांकडून हे तीन प्रश्न मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा तिन्हींचं मूळ एकच निघतं. स्नॅपशॉटलाच, म्हणजे चालू मशीनच्या मेमरीच्या प्रतीलाच, टेप (कॅसेटची फाइल) समजलेलं असतं.

मशीनची ओळख करून देत बसत नाही. १९८२ साल, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए, १६ के रॉम, ४८ के रॅम, रबराच्या कळा, कॅसेटवरून लोडिंग. पुढच्या १२८ के मॉडेलमध्ये एवाय साउंड चिप आली. एवढं पुरे.

गैरसमज होण्यात इम्युलेटरचा, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा, वाटा मोठा आहे. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये १३६६ या पत्त्यावर टेपवरून बाइट वाचणारं रूटीन आहे. बहुतेक इम्युलेटर तिथे पाळत ठेवून असतात. प्रोग्रॅम तिथे पोचला की टेपची शिट्टी नाही, पडद्याच्या बॉर्डरवर लोडिंगच्या रेघा नाहीत. फाइलमधले बाइट थेट मेमरीत टाकले जातात. खऱ्या मशीनवर चार-पाच मिनिटं लागणारी टेप त्यामुळे क्षणात उघडते. स्नॅपशॉटही क्षणात उघडतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटले तर त्याला दोष देता येत नाही. पण ही सोय चालू ठेवून नवख्यांना शिकवणाऱ्यांनी निदान एकदा ती बंद करून टेप खरोखर लोड होताना दाखवावी, असं माझं ठाम मत आहे.

आता मुद्द्याचं. टेप फाइलमध्ये कॅसेटवर जे होतं ते असतं. .टॅप फाइल उघडून पाहिली तर सुरुवातीला साधारणपणे १९, ०, ० असे बाइट दिसतात. पहिले दोन मिळून पुढच्या ब्लॉकची लांबी सांगतात: १९ बाइट. तिसरं शून्य म्हणजे हा हेडर आहे. त्यानंतर प्रोग्रॅमचा प्रकार, दहा अक्षरांचं नाव, आकार वगैरे, आणि शेवटी पडताळणीचा एक बाइट. मग तसाच पुढचा ब्लॉक. मशीनमध्ये पुढे काय होईल याबद्दल टेप काहीही बोलत नाही. ते मशीनने ठरवायचं असतं.

स्नॅपशॉटमध्ये कॅसेट नसतेच. एका विशिष्ट क्षणी मशीनच्या पोटात जे होतं ते त्यात असतं: सगळी रॅम आणि प्रोसेसरची रजिस्टर्स (त्याच्या आतल्या साठवणीच्या छोट्या जागा). ४८ के ची .एसएनए फाइल नेहमी ४९,१७९ बाइटची असते, गेम छोटा असो की मोठा. २७ बाइटचं हेडर आणि ४९,१५२ बाइट रॅम. आकार पाहूनसुद्धा ती ओळखता येते. ऐंशीच्या दशकात रोमँटिक रोबोट कंपनीच्या मल्टिफेससारखी उपकरणं मशीनच्या मागे लावून लोक हेच करत: लाल बटण दाबायचं, प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवायचा आणि मेमरी सेव्ह करायची. इम्युलेटरने ते बटण मेनूत आणलं.

म्हणजे टेपमध्ये सुरुवात असते आणि स्नॅपशॉटमध्ये मधलाच एक क्षण असतो. आणि त्या क्षणाआधी घेतले गेलेले सगळे निर्णय त्यात पक्के होऊन बसलेले असतात. लोकांच्या लक्षात येत नाही ते नेमकं हेच.

संगीताचंच बघा. बरेच गेम लोड होताना किंवा सुरू होताना एकदाच तपासतात की मशीन ४८ के आहे की १२८ के. उत्तर मेमरीत कुठेतरी एका बाइटमध्ये ठेवतात आणि पुन्हा विचारत नाहीत. कुणीतरी ४८ के मोडमध्ये टेप लोड केली, मेनू आल्यावर स्नॅपशॉट घेतला आणि तो वाटला. आता तुम्ही १२८ निवडा नाहीतर आणखी काही निवडा, गेमच्या लेखी तो ४८ वरच आहे. एवाय चिप गप्पच राहणार. त्यात फाइल खराब असण्याचा प्रश्नच नाही.

लेव्हल अडकण्याचंही तेच. ज्या गेमचे सगळे भाग एका वेळी मेमरीत मावत नसत, ते पुढचा भाग टेपवरून पुन्हा मागत. 'डेली थॉम्प्सन्स डेकॅथलॉन'मध्ये पहिला दिवस कॅसेटच्या एका बाजूला आणि दुसरा दिवस दुसऱ्या बाजूला होता. पहिल्या दिवशी घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये दुसरा दिवस कुठून येणार? गेम टेप मागत बसतो, आणि समोरचा म्हणतो हँग झाला.

शिवाय स्नॅपशॉट घेणाऱ्याच्या खुणा त्यात राहतात: त्याने निवडलेला जॉयस्टिक, त्याचा हायस्कोअर, कधीकधी त्याने टाकलेला अमर्याद जीवांचा पोकसुद्धा (मेमरीतला बाइट बदलून केलेली लबाडी). आणि लोडिंग स्क्रीन तर गेलेलाच असतो. ६,९१२ बाइटचं ते चित्र कुणीतरी जीव ओतून काढलेलं असायचं. टेप वाजताना ते पडद्यावर तीन पट्ट्यांत उतरायचं आणि रंग सगळ्यात शेवटी भरले जायचे. स्नॅपशॉटमध्ये त्या जागी मेनू असतो. संग्रहाच्या नावाखाली नुसते स्नॅपशॉट साठवणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

.एसएनएमध्ये तर आणखी एक खोट आहे, ती जरा जवळून बघण्यासारखी आहे. त्या २७ बाइटच्या हेडरमध्ये प्रोग्रॅम काउंटरला जागाच नाही. प्रोसेसर कुठल्या पत्त्यावर होता, ते दोन बाइट स्टॅकवर (परतीचे पत्ते वगैरे ठेवायच्या मेमरीतल्या जागेवर) ढकलून मग रॅम सेव्ह केली जाते. स्टॅक नेहमीच्या जागी असेल तर काही बिघडत नाही. पण वेगासाठी बऱ्याच गेममध्ये स्टॅकची जागा दाखवणारा स्टॅक पॉइंटरच ग्राफिक्सच्या डेटाकडे वळवून पॉप या आज्ञेने भराभर वाचन केलेलं असतं. नेमक्या त्या क्षणी स्नॅपशॉट घेतला, तर नुकत्याच वाचलेल्या स्प्राइटचे (गेममधल्या हलत्या चित्राचे) दोन बाइट कायमचे पुसले जातात आणि त्यांच्या जागी एक पत्ता येऊन बसतो. स्प्राइटच्या अंगावर मधेच ठिपक्यांची विचित्र रेघ दिसते, दर वेळी त्याच जागी. .झेड८० या दुसऱ्या स्नॅपशॉट फॉरमॅटमध्ये काउंटरला स्वतंत्र जागा आहे, म्हणून तिथे हे होत नाही. स्नॅपशॉट घ्यायचाच असेल तर .झेड८० किंवा .एसझेडएक्स घ्या. .एसएनएचा आग्रह धरण्याचं कारण मला आजवर पटलेलं नाही.

हौशी डेव्हलपर मंडळींना मात्र हा फरक सगळ्यात महाग पडतो. एसजेएएसएमप्लससारखा असेंब्लर (असेंब्लीतल्या सोर्सचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम) एका ओळीत .एसएनए काढून देतो. सोर्स बदलला, असेंबल केलं, लगेच इम्युलेटरमध्ये चालवलं. चाचणीसाठी याहून सोयीचं काही नाही, जरूर वापरा. पण त्या स्नॅपशॉटमध्ये स्टॅक पॉइंटर, इंटरप्टची स्थिती, सुरुवातीचा पत्ता, सगळं आयतं मांडून मिळतं. टेपवरून येणाऱ्या प्रोग्रॅमला ते आयतं मिळत नाही. ४८ के मशीन चालू केलं की रॅमटॉप (बेसिकच्या वाट्याच्या मेमरीची वरची हद्द) ६५,३६७ ला असतो आणि बेसिकचा स्टॅक त्याच्या लगेच खाली. तुमचा कोड २५,००० पासून वरपर्यंत पसरला असेल आणि लोडरमध्ये (तो कोड लोड करणाऱ्या छोट्या बेसिक प्रोग्रॅममध्ये) आधी ही हद्द खाली आणणारं 'क्लियर २४९९९' नसेल, तर लोड होता होता तो त्या स्टॅकवरूनच जातो. टेप संपते, रॉमचं रूटीन परत जायला निघतं, परतीचा पत्ता गायब, मशीन रीसेट. स्नॅपशॉटमध्ये ही चूक कधीच दिसली नसती, कारण तिथे लोडिंग झालंच नव्हतं.

म्हणून गेम प्रसिद्ध करायचा तर .टॅपच द्यावा. फोनवरून आवाज काढून इअर सॉकेटमध्ये घालणारे आहेत, डिव्हएमएमसीसारखं एसडी कार्डचं इंटरफेस लावणारे आहेत, कॅसेटवर रेकॉर्ड करून घेणारेही आहेत. .टॅप या सगळ्यांना चालतो. आणि प्रसिद्ध करण्याआधी एकदा मशीन रीसेट करून, फास्ट लोडिंग बंद ठेवून, तो पहिल्या शिट्टीपासून लोड करून बघा.

.टॅप आणि टेप फाइलचाच दुसरा प्रकार .टीझेडएक्स यांतला फरक सोपा आहे. .टॅपमध्ये फक्त बाइट असतात. रॉमच्या ठरलेल्या वेगानेच ते वाजवायचे, असं गृहीत असतं. .टीझेडएक्समध्ये सिग्नलच्या वेळाही नोंदवता येतात. रॉमच्या पद्धतीत ० साठी ८५५ टी-स्टेटचे (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांचे) दोन पल्स आणि १ साठी १,७१० चे दोन. स्पीडलॉकसारख्या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाने हे आकडे बदलले आणि स्वतःचा लोडर आणला. अशा टेपसाठी .टीझेडएक्सला पर्याय नाही. हा लोडर रॉमचं रूटीन वापरतच नाही, म्हणून १३६६ वरची पाळतही कामाला येत नाही आणि मिनिटं मोजत बसावं लागतं. तेव्हाही फाइल खराब नसते. जुन्या मूळ कॅसेटसाठी .टीझेडएक्स, आजच्या नव्या गेमसाठी .टॅप आणि स्वतःचा अर्धवट राहिलेला खेळ जपायला स्नॅपशॉट, अशी माझी वाटणी आहे.

एक राहिलं. कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरच्या टेप फाइललाही .टॅप हेच एक्स्टेन्शन आहे, पण आत बाइट नसून पल्सच्या लांब्या असतात. फाइलच्या सुरुवातीला 'सी६४-टेप-रॉ' असं दिसलं की ती स्पेक्ट्रमच्या इम्युलेटरला देऊ नका.