सपोर्टमध्ये आहे, पण काम चालू नाही

परवा एका क्लायंटच्या मीटिंगमध्ये पुन्हा तेच. वीस वर्षं एएसपी डॉटनेटवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनावर, हात बसलेला माणूस शांतपणे म्हणाला, “फ्रेमवर्क अजून सपोर्टमध्ये आहे सर. जरा हळू चाललंय, पण वेब फॉर्म्सचं काहीतरी करतीलच ते.” चहा यायच्या आत दुसरा म्हणाला, “डॉटनेट ८ वर जाऊन उपयोग काय? ते तर नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतंय.” दोघांची माहिती बरोबर होती. दोघांनी तिच्यावरून काढलेला अर्थ साफ उलटा होता. गेल्या काही वर्षांत ही जोडी मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता एकदा लिहूनच टाकतो.

वेब फॉर्म्स म्हणजे एएसपी डॉटनेटमधली पानं बांधायची जुनी पद्धत, याहून जास्त इथे सांगत बसत नाही. पेज लोडमध्ये पोस्टबॅक (तेच पान पुन्हा सर्व्हरकडे जाणं) तपासायचा राहिला आणि बटण दाबल्यावर ड्रॉपडाउनची निवड पुसली गेली, हे ज्याने एकदा भोगलंय त्याला सगळं माहीत आहे.

नावांचा घोळ मात्र आधी निस्तरू, कारण त्याला जबाबदार मायक्रोसॉफ्टच आहे. डॉटनेट फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा आणि चालवायचा पाया, २००२ पासूनचं, फक्त विंडोजवर चालणारं; वेब फॉर्म्स याच्यावरच चालतं. डॉटनेट कोअर २०१६ मध्ये आलं, ते वेगळं, नव्याने बांधलेलं. त्याच्या वेब भागाला आधी ‘एएसपी डॉटनेट ५’ म्हणत होते, जानेवारी २०१६ मध्ये ते बदलून ‘एएसपी डॉटनेट कोअर १.०’ केलं. मग २०२० मध्ये डॉटनेटच्या नावातून ‘कोअर’ काढून टाकलं, चार हा आकडा गाळला आणि थेट डॉटनेट ५ आणलं. वेब भागाच्या नावात ‘कोअर’ तसंच ठेवलं! यात तर्क शोधू नका. माझा एकच आग्रह: मीटिंगमध्ये नुसतं ‘डॉटनेट’ म्हणू नका. ‘फ्रेमवर्क ४.८’ म्हणा, नाहीतर ‘डॉटनेट ८’ म्हणा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. वेब कॉन्फिग या सेटिंग्जच्या फाइलीच्या जागी जेसन फाइल, आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर सक्तीचा नाही, लिनक्सवर चालतं, वेग जास्त. हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं. यावर तास-तासभर चर्चा करणारे लोक मला कळत नाहीत.

खरी अडचण ‘सपोर्ट’ या एका शब्दात आहे. आपल्याकडे तो शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक डागडुजी, दुसरं बांधकाम.

डागडुजी कशी दिसते ते पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं आणि कुकीच्या सेमसाइट गुणधर्माचा (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का, हे तो ठरवतो) नियम बदलू लागला: काहीच लिहिलं नसेल तर ‘लॅक्स’ धरायचं, म्हणजे बहुतेक वेळा पाठवायची नाही. फ्रेमवर्कमध्ये तोवर ‘नन’, म्हणजे बंधन नको, असं सांगितलं की तो गुणधर्म लिहिलाच जात नसे. म्हणजे ज्याने जाणूनबुजून ‘नन’ मागितलं होतं, त्याची कुकीही क्रोमने ‘लॅक्स’ धरली असती. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या अखेरीसच फ्रेमवर्कसाठी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, काढला, ‘नन’ खरोखर लिहिलं जाऊ लागलं. त्याच पॅचने सेशनची (लॉगिन झालेल्या माणसाची ओळख धरून ठेवणारी) कुकी मात्र मुळातच ‘लॅक्स’ केली, त्यामुळे बँकेच्या पानावर पैसे भरून फॉर्मच्या पोस्ट विनंतीने परत येणारा ग्राहक सेशन हरवून बसे आणि लॉगिनच्या पानावर येऊन उभा राही. उपाय म्हणजे वेब कॉन्फिगमध्ये सेशनस्टेटच्या ओळीत एक शब्द. बाहेरचं जग बदललं, गळती सुरू झाली, कोणीतरी येऊन ती बुजवली. सपोर्ट तो हाच. तो चांगला आहे, फुकट मिळतो आणि वेळेवर येतो. पण त्यातून एक नवी खोली वाढत नाही.

आता बांधकाम. फ्रेमवर्कवर सी शार्प या डॉटनेटच्या भाषेची अधिकृत आवृत्ती ७.३ वर थांबली आहे. डॉटनेट १० बरोबर सी शार्प १४ आलं. मधल्या काळात भाषेत काय काय आलं याची यादी देत नाही, पण नव्याने रुजू झालेल्या पोराला ‘रेकॉर्ड’ ही भाषेतली नवी सोय का लिहिता येत नाही हे समजावताना सीनिअरचा चेहरा पाहण्यासारखा असतो. लायब्ररींचंही तेच. ज्या लायब्ररीला डॉटनेट स्टँडर्ड २.१ (लायब्ररींसाठीचा सामाईक नियमसंच) लागतं, ती ४.८ वर चालणारच नाही, आणि त्यासाठी पॅचची वाट पाहण्यात अर्थ नाही.

वेब फॉर्म्सपुरतं बोलायचं तर हिशोब आणखी सरळ आहे. २०१२ च्या ४.५ मध्ये मॉडेल बाइंडिंग आणि टाइप सांगता येणारे डेटा कंट्रोल्स आले. २०१८ च्या ४.७.२ मध्ये डिपेंडन्सी इंजेक्शनची (लागणारे भाग बाहेरून पुरवण्याची) सोय झाली. एप्रिल २०१९ मध्ये ४.८ आलं, आणि पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने जाहीर सांगितलं: ही फ्रेमवर्कची शेवटची मोठी आवृत्ती, आणि वेब फॉर्म्स डॉटनेट ५ कडे नेलं जाणार नाही. डब्ल्यूसीएफची सर्व्हर बाजू आणि वर्कफ्लो हे फ्रेमवर्कचे आणखी दोन भागसुद्धा त्याच यादीत होते. २०२२ मध्ये ४.८.१ आलं तेव्हा काहींना पुन्हा पालवी फुटली. त्यात आर्म ६४ प्रोसेसरचा आधार होता आणि ॲक्सेसिबिलिटीतल्या सुधारणा होत्या. वेब फॉर्म्सवाल्यांच्या पदरात काही पडलं नाही.

‘का नेलं नाही’ हा राग मला समजतो. वेब फॉर्म्सचा जीव सिस्टम डॉट वेब या असेंब्लीत, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यात, आहे आणि ती आयआयएसशी, विंडोजशी इतकी जखडलेली आहे की ती उचलून लिनक्सवर ठेवता येत नाही. पानाचं सगळं जीवनचक्र, व्ह्यूस्टेट (पानाची स्थिती पानातच लपवून ठेवणारी नोंद), कंट्रोल्सचं झाड, सगळं तिच्यावर उभं आहे. एखाद्या जुन्या कर्जवसुलीच्या पानाचा सोर्स उघडा आणि व्ह्यूस्टेटचं ते लपवलेलं फील्ड शोधा: स्लॅश, डब्ल्यू, ई, पी अशी सुरुवात आणि मग स्क्रीनभर अक्षरांची शेवयांसारखी गुंतवळ. पंचवीस ओळींच्या ग्रिडसाठी! कोअर बांधताना हे सोबत न्यायचं नाही असं ठरवणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. निर्णय योग्य होता असंच माझं मत आहे. फक्त तो २०१४ मध्ये, ओपन सोर्सची घोषणा केली तेव्हाच ठणकावून सांगितला असता तर लोकांची पाच वर्षं वाचली असती.

आता तारखांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे फसतात.

फ्रेमवर्क ४.८ ला स्वतःची शेवटची तारीख नाही. ते विंडोजचा भाग मानलं जातं, ज्या विंडोजवर बसलंय तिचं आयुष्य तेच त्याचं आयुष्य. विंडोज सर्व्हर २०२२ वर ते बसवलं असेल तर ऑक्टोबर २०३१ पर्यंत सुरक्षेचे पॅच येत राहतील. नव्या डॉटनेटची प्रत्येक आवृत्ती मात्र स्वतंत्र वस्तू आहे आणि तिच्या पाठीवर तारखेचा शिक्का आहे. सम आकड्याच्या आवृत्त्या एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टच्या, तीन वर्षांच्या. म्हणून डॉटनेट ८ नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि १० नोव्हेंबर २०२६ ला त्याचा सपोर्ट संपतो. डॉटनेट १० नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं, ते २०२८ पर्यंत.

म्हणजे ज्यावर बांधकाम थांबलंय त्याला जवळची तारीख नाही, आणि जिथे दरवर्षी नोव्हेंबरमध्ये नवा मजला चढतोय त्याच्यावर तारखेची पाटी. साहजिकच माणूस पाटी वाचतो आणि घाबरतो.

पागडीचं घर आणि अकरा महिन्यांचा करार, हा फरक मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळा सांगायला नको. पागडीतून तुम्हाला कोणी काढत नाही, भाडं नाममात्र, पण त्या इमारतीला लिफ्ट बसेल या आशेवर कोणी गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलत नाही. कराराच्या घरात अकरा महिने झाले की कागद नवा करायचा. कागद संपला म्हणून कोणी रस्त्यावर येत नाही.

डॉटनेट ८ वरून १० वर जाताना नवा कागद म्हणजे प्रोजेक्ट फाइलमध्ये टार्गेटचा आकडा बदलायचा, पॅकेजेस वर न्यायची, टेस्ट चालवायच्या, मोडलेलं दुरुस्त करायचं. नीट ठेवलेल्या प्रोजेक्टला काही दिवस, गबाळ्याला काही आठवडे. आणि तारीख उलटली तरी ॲप्लिकेशन बंद पडत नाही, पॅच यायचे थांबतात. वेब फॉर्म्समधून बाहेर पडायचं म्हणजे मात्र पुन्हा लिहिणं. दुसरा शब्द नाही.

सिल्व्हरलाइट हे ब्राउझरमधलं मायक्रोसॉफ्टचं प्लगइन आठवतंय? पाचवी आवृत्ती डिसेंबर २०११ मध्ये आली, सहावी कधी आलीच नाही, आणि सपोर्ट संपला १२ ऑक्टोबर २०२१ ला. जवळजवळ दहा वर्षं ‘सपोर्टमध्ये’. त्या काळात सिल्व्हरलाइटवर नवीन प्रोजेक्ट सुरू करणारेही महाभाग होते.

‘हळू चाललंय’ या शब्दालाही माझी हरकत आहे. हळू काय असतं ते अँग्युलर या गूगलच्या वेब फ्रेमवर्कवाल्यांना विचारा. त्यातल्या रिॲक्टिव्ह फॉर्म्सना टाइप (कुठल्या फील्डमध्ये कसली माहिती, याचं बंधन) द्या ही मागणी २०१६ च्या अखेरीस नोंदली गेली. ती पूर्ण झाली जून २०२२ मध्ये, १४ व्या आवृत्तीत. साडेपाच वर्षं लोकांनी बोटं मोडली, स्वतःची पॅकेजेस लिहिली, गूगलच्या नावाने शंख केला. पण मागणी उघडी होती, दर सहा महिन्यांनी आवृत्ती येत होती, आणि शेवटी ते आलं. त्या वाटेवर थांबण्यात अर्थ होता. वेब फॉर्म्सच्या स्टॉपवरून एसटी २०१९ मध्येच गेली, आणि मास्तरांनी खिडकीतून तसं ओरडून सांगितलंही.

फरक ओळखायचा तर सपोर्टचं पान उघडूच नका. गेल्या तीन आवृत्त्यांच्या रिलीज नोट्स उघडा. नुसते दोष आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या दिसल्या तर डागडुजी. वेंडरचा सेल्समन काय म्हणतो ते ऐकू नका, त्याच्या लेखी दोन्हीला एकच शब्द आहे.

मग आता करायचं काय? जे आतलं आहे, ऑफिसातले बाराजण वापरतात आणि चालतंय, ते ४.८ वर तसंच राहू द्या. उगाच हात लावू नका. जिथे दर महिन्याला नवं काही हवं असतं, ती पानं एक-एक करून बाहेर काढा: पुढे यार्पचा रिव्हर्स प्रॉक्सी (विनंती जुन्या की नव्या बाजूला पाठवायची ते ठरवणारा दारवान), नवी पानं डॉटनेट १० वर, उरलेली मागे जुन्यावर. नव्या पानांसाठी मला विचाराल तर रेझर पेजेस ही नव्या डॉटनेटमधली साधी पद्धत. तिथलीच दुसरी पद्धत, ब्लेझर सर्व्हर, दिसायला वेब फॉर्म्ससारखं वाटतं म्हणून जुने लोक तिकडे धावतात, पण प्रत्येक वापरकर्त्यामागे सर्व्हरशी जोडणी सतत उघडी लागते. तालुक्याच्या शाखेत नेट पाच मिनिटं गेलं की अर्धा भरलेला फॉर्म गोठतो. कॅशिअर मग आपल्याला जे ऐकवतो ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या मीटिंगमध्येही जवळपास हेच ठरलं. वसुलीची पानं आहेत तिथेच, खातेदारांना दिसणारी सात पानं नवी. संध्याकाळी इतिवृत्ताचा मसुदा मेलवर आला. त्यात ‘सपोर्ट’ हा शब्द चार ठिकाणी होता. चारही ठिकाणी मी पुढे कंसात ‘फक्त पॅच’ घालून तो परत पाठवला.