सुटलेला कोपरा

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की घामाची धार थांबत नाही. आमच्या शेजारचे काका डायलिसिसवर आहेत, तरी अधूनमधून यंत्रमागावर जातात. त्यांच्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, डायलिसिसची नळी बाहेर येते आणि तिच्यावर पारदर्शक पट्टी असते. एका संध्याकाळी तिचा खालचा कोपरा सुटलेला दिसला. चिकट कडेला मागावरच्या सुताचं तूस लागलं होतं. काकांनी तो बोटानं दाबून परत बसवला. "चिकटलं बघ!"

पण तोवर दार उघडं राहिलं होतं, आणि आतली वाट थेट हृदयाकडे जाते. ही नळी मानेतल्या मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत पोचलेली असते. जास्त काळ ठेवायच्या नळीला कातडीखाली कापडासारखा एक छोटा पट्टा असतो, त्याला कफ म्हणतात. दोन-चार आठवड्यांत त्यात मांस भरतं, नळी घट्ट बसते आणि जंतूंची वाट अडते. तोवर सगळी भिस्त पट्टीवर. तात्पुरत्या नळीला तर हा कफही नसतो.

जंतू बहुतेकदा बाहेरून येत नाहीत, ते आपल्याच कातडीवर आणि नाकात राहतात. त्यांतला मुख्य स्टॅफिलोकॉकस. म्हणून नळी उघडताना सिस्टर आणि पेशंट दोघांनीही मास्क लावायचा. नळीवर बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर विणतात. एकदा तो थर जमला की अँटिबायोटिक आतपर्यंत नीट पोचत नाही आणि पुष्कळदा नळीच काढावी लागते. मशीन सुरू झाल्यावर पेशंट कुडकुडायला लागतो, त्याचं एक कारण हेच: रक्ताच्या वेगानं थरातले जंतू सुटून अंगभर पसरतात.

पारदर्शक पट्टीतून वाफ बाहेर जाते, पाणी आत येत नाही. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम इतका येतो की वाफ होण्याआधीच तो पट्टीखाली साचतो. अशा वेळी घाम शोषणारी गॉजची, म्हणजे जाळीदार सुती कापडाची, पट्टी बरी. ती दर दोन दिवसांनी बदलावी लागते. पारदर्शक पट्टी सात दिवस चालते, पण ओली झाली, मळली किंवा सुटली तर दिवस मोजायचे नाहीत, त्याच दिवशी बदलून घ्यायची. बदलताना अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावतात आणि ते आपोआप वाळू देतात. वाळताना फुंकर मारली तर तोंडातले जंतू पुन्हा तिथंच.

आणि पाणी. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठवलेलं असतं. ते छातीवरून ओतू नये. कमरेखाली आंघोळ करायची, वर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि पट्टी कोरडी ठेवायची. हळद, राख, तेल यांतलं काहीही नळीच्या तोंडाशी लावू नका, कितीही मायेनं कुणी सांगितलं तरी.

थंडी वाजून ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, नळीपाशी लाली, पू किंवा ठणका दिसला, तर पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट न पाहता सेंटर गाठायचं.

काकांनाही आम्ही त्याच रात्री घेऊन गेलो. पट्टी निघाली तेव्हा खालची कातडी भिजून पांढुरकी पडली होती. पू नव्हता. सिस्टरनं साफ करून गॉज बसवलं. काकांच्या डाव्या मनगटाशी फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलीय. तिथं बोट ठेवलं की थरथर जाणवते. ती शीर सुई पेलण्याइतकी जाड व्हायला अजून काही आठवडे लागतील, मग ही नळी निघेल.